माजिवड्याचा भोंगा कच्छमध्ये

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये कच्छला वादळ झालं, तेव्हा मी ठाण्यात माजिवड्याच्या एका पंपांच्या कारखान्यात होतो. तिकडच्या एका छोट्या नगरपालिकेचा निरोप आला. विहिरींत समुद्राचं पाणी शिरलंय, उपसायला पंप पाठवा. कोण जाणार, असं मालकांनी विचारलं आणि माझा हात वर गेला. का गेला, हे मला आजही सांगता येत नाही. कळव्याच्या घरी बायकोनेही तेच विचारलं, तिचंही समाधान झालं नाही.

सोबत बाळकुमचा दामू पाटील, आमचा फिटर, आणि टेम्पो चालवायला यादव. सामानात दोन डिझेल पंप, पाइप आणि दामूने आग विझवायच्या सामानाच्या कपाटातून उचललेला, हाताने फिरवायचा भोंगा. हा कशाला, असं विचारलं तर म्हणाला, असू दे.

घोडबंदरवरून हायवेला लागलो. तुम्ही याच रस्त्याने जाणार असाल तर भरूचच्या पुलाआधी खाऊन घ्या, पुलावर अडकलात की उपास घडतो. तेव्हा वीस रुपयांत पोटभर थाळी मिळायची, फक्त डाळ गोड. दामू पहिल्याच घासाला थांबला. "यांची साखर चुकून पडली काय रे?"

कच्छात शिरलो आणि माझी दिशाच हरवली. विजेचे खांब आडवे, पाट्या गायब, आणि एक होडी चक्क रस्त्याच्या मधोमध. रस्ता विचारला की जो तो वेगळीकडे बोट दाखवायचा. पालिकेच्या कचेरीवर छप्पर नव्हतं, म्हणून कारभार शाळेच्या ओसरीवर चालला होता. नगराध्यक्षा जयाबेन पंप बघून आधी हसल्या आणि मग रडल्या. मला काय करावं कळेना, मी पाइप मोजत बसलो.

गावातली माणसं रोज गाठोडी बांधून नातेवाइकांकडे निघत होती. गोड पाणी मिळालं तर उरलेली थांबतील, नाहीतर गाव रिकामं होईल, असं जयाबेनचं म्हणणं. त्यांनी लोकांना पाण्याचा शब्द दिला होता. आम्ही मोठी विहीर उपसली, ती भरू दिली, पुन्हा उपसली. शेवटी जयाबेननी ओंजळभर पिऊन मान हलवली.

आता लोकांना बोलवायचं कसं? दामूने भोंगा काढला. आमच्याकडे भोंगा म्हणजे पाळी भरली, पाळी सुटली. माणसं त्यावर घड्याळं लावतात. भोंगा दिला की बाया हंडे घेऊन येतील, यात आम्हा तिघांनाही काही शंका वाटली नाही.

दामूने हँडल फिरवलं. गल्लीतून माणसं आली, पण हंडे घेऊन नाही. पोरं काखेत मारून, म्हाताऱ्यांना ओढत ती शाळेच्या माडीकडे पळत सुटली. त्यांच्यात जयाबेनही होत्या. मी "पानी, पानी" ओरडत होतो, त्यामुळे माणसं आणखीच घाबरली.

बऱ्याच वेळाने जयाबेन खाली आल्या. धाप लागली होती, पण आवाज शांत होता. "भाई, वादळाच्या दिवशी बंदरावर असाच भोंगा वाजला होता," त्या हिंदीत म्हणाल्या. "तेव्हा आम्ही पळालो नव्हतो. पाळी सुटली असेल, असंच वाटलं होतं."

मग त्या थाळी आणि पळी घेऊन गल्लोगल्ली वाजवत फिरल्या. संध्याकाळपर्यंत विहिरीवर रांग लागली. दोन कुटुंबांनी बांधलेली गाठोडी पुन्हा सोडल्याचंही कानावर आलं. आम्ही मदत केली की भीती घातली, याचा हिशेब परतीच्या वाटेवर लागला नाही. दामूने भोंगा सीटखाली सारला आणि ठाणं येईपर्यंत त्याचं नाव काढलं नाही.

घरी पोचल्यावर दुसऱ्या सकाळी चहा पीत होतो. खाडीच्या बाजूच्या कारखान्याचा भोंगा झाला, रोज होतो तसाच. भानावर आलो तेव्हा मी जिन्यात होतो आणि झोपलेली मुलगी माझ्या खांद्यावर होती.

"अहो, कुठे निघालात?" बायकोने दारातून विचारलं.

खाली माणसं डबे घेऊन निवांत कामाला चालली होती. भोंगा थांबेपर्यंत मी मुलीला खाली ठेवलं नाही.