गाळात पाऊल टाकायचं नाही

पाटकरी ग्रेडीचा फोन आला तेव्हा डेल्फीनच्या हातात सकाळची पहिलीच कॉफी होती.

"डेल्फीनबाई, कालव्याचं दार खाली टाकलंय. पहाटेच."

"पाणी चार दिवसांत थोडंथोडं उतरवणार होता ना रे?"

"डागडुजीची माणसं आजच आली. वरून हुकूम आला, मी काय करणार?"

कॉफी तशीच टाकून तिने गमबूट ओढले आणि दिराला, लेलंडला, हाक मारली. ट्रकमध्ये दोनच फळ्या होत्या. बाकीच्या कालच दुसऱ्या कालव्यावर पाठवल्या होत्या, आणि पाठवणारी ती स्वतःच. वाटभर ती स्वतःला बोल लावत होती.

याकिमा नदीकाठी, तिथल्या मूळनिवासी जमातीच्या मासेखात्यात तिची वीस वर्षं गेली. सगळ्यांचा जीव सामन माशावर, हिचा ईलवर; खरं तर तो लॅम्प्रे, पण इथे सगळे ईलच म्हणतात. वामेसारखा लांबुळका, अंगात एक हाड नाही; म्हातारे सांगतात, सगळी हाडं जुगारात हरला. धरणाला माशांसाठी बांधलेल्या पायऱ्या सामन उड्या मारत चढतो. ईल बिचारा तोंडाने भिंतीला चिकटत सरकतो आणि पायरीच्या काटकोनात त्याची पकड सुटते. म्हणून सहा वर्षांपूर्वी डेल्फीनने खालच्या धरणापाशी धरलेले चाळीस ईल पिंपांत घालून वरच्या पाण्यात आणून सोडले होते. त्यांची काडीएवढी पिल्लं गाळात वाढतात, तीही आंधळी. सहा-सात वर्षांनी त्यांना डोळे उमटतात, अंग चंदेरी होतं, मग ती समुद्राकडे निघतात. पण नदीचं पाणी कालव्यात वळवलं की पिल्लंही कालव्यात, आणि दर ऑक्टोबरात कालवा कोरडा. तिच्या ईलांच्या एकाही पिल्लाला डोळे उमटलेले अजून कुणी पाहिले नव्हते. यंदा दिसले नाहीत तर सहा वर्षं पाण्यात गेली, या धास्तीने तिला आठवडाभर झोप नव्हती.

कालव्याचा तळ उघडा पडला होता. काठावर करडे बगळे ओळीने उभे होते.

"पाहुणे आपल्या आधी जेवायला बसलेत," लेलंड म्हणाला.

"बोलू नकोस. फळी टाक."

गाळात पाऊल टाकायचं नाही, हा डेल्फीनचा नियम. एका पावलाखाली पाच-सहा पिल्लं चिरडतात. फळीवर पालथं पडायचं, गाळ सुकू लागला की पिल्लं वर येतात, ती बोटांनी अलगद वेचायची. भेटीला आलेल्या एका साहेबालासुद्धा तिने दंडाला धरून बाहेर काढलं होतं.

दोघं पालथी पडून वेचू लागली. ऊन चढलं तशी मधल्या खोलगट भागात वळवळ सुरू झाली. फळ्या तिथवर पोचत नव्हत्या. बगळे पोचत होते.

तिने फोन लावला. "ग्रेडी, वीतभर पाणी सोड. तासभरच."

"खाली माणसं कामाला उतरलीत, बाई. त्यांना बुडवू?"

त्याचं खरं होतं, म्हणून तिला जास्तच राग आला. बगळ्याने मधूनच एक पिल्लू उचललं, मग दुसरं. इकडे आड, तिकडे विहीर. डेल्फीन उठली आणि तिने गाळात पाय घातला.

"वहिनी?" लेलंडचा हात तसाच राहिला.

ती मधोमध पोचली. बगळे उडाले. तिने भराभर वेचलं, बादली अर्धी भरली. सगळी तपकिरी, आंधळी, पण जिवंत. परतताना नव्याने काही चिरडायला नको म्हणून ती आपल्याच पावलांच्या ठशांत पाय ठेवू लागली. ठशांत पाणी झिरपलं होतं. चौथ्या ठशात काहीतरी चमकलं.

तिने ते उचललं, अंगठ्याने गाळ पुसला. चंदेरी अंग, मागचा अर्धा भाग टाचेखाली चपटा झालेला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक काळा, गोल, स्वच्छ डोळा.

"काय सापडलं?" लेलंडने विचारलं.

"डोळे उमटलेत."

"मग? जिवंत आहे ना?"

तिने मूठ मिटली. काठ अजून बराच लांब होता आणि प्रत्येक ठशाच्या आसपास गाळ हलत होता. उचललेला पाय तिला खाली टेकवेना. तिने तो हळूच मागे घेतला, गुडघे टेकले, आणि एकसष्ट वर्षांची डेल्फीन त्या गार चिखलात हनुवटीपर्यंत पालथी झाली. एका हाताने बादली पुढे ढकलत, दुसरी मूठ घट्ट मिटून, ती पोटावर सरपटत काठाकडे निघाली.