सोयऱ्याच्या गावचं कोर्ट

रिकाम्या हातानं भांडायला जाणं हा रानटीपणा आहे, असं मानणारा उभ्या महाराष्ट्रात एकच माणूस असेल, तो म्हणजे माझा तासगावचा मामा. भावकीशी बांधावरून वाजलं, तेव्हा मोजणीच्या दिवशी हा भावकीसाठी घरच्या बेदाण्यांची पिशवी घेऊन उभा. एकदा साताऱ्यात मी चुकीच्या रस्त्यानं गाडी घातली. पोलिसानं अडवलं, तर मामानं खिडकीतून बेदाणे पुढे केले. लाच समजून तो भडकला. मामा शांतपणे म्हणाला, "दंड घ्या, आन् ह्ये बी घ्या." दंड मी भरला.

मामाची रूपाली धारवाडला दिली होती. संसार जमला नाही. कुणी मारलं नाही, कुणी हाकललं नाही. दोघं एका घरात राहून बोलायचीच थांबली. ती तासगावला परतली, शाळेत शिकवू लागली. तिला सन्मानानं मोकळं व्हायचं होतं, बस्स. पण नवऱ्यानं धारवाडच्या कोर्टात अर्ज टाकला, बायकोनं नांदायला यावं म्हणून. दोघांचा शेवटचा संसार तिथला, त्यामुळे अर्ज तिथं चालतो, असं आमच्या वकीलबाईंनी सांगितलं. तो सांगलीला आणायचा, तर राज्यं वेगळी असल्यामुळे दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात जावं लागणार. मामानं विचारलं, "म्हंजे, धारवाड लांब पडतंय म्हनून दिल्लीला जायाचं?" बाईंकडे उत्तर होतं, पण तेही दिल्लीइतकंच लांब होतं.

मग तारखा सुरू झाल्या. रूपाली रजा काढायची, मी गाडी चालवायचो. मला कन्नड येतं, असा मामाचा समज होता. हुबळीच्या वर्षभराच्या नोकरीत मी 'जेवण झालं का' एवढंच विचारायला शिकलो होतो, आणि कोर्टाच्या आवारात ते विचारायची वेळ फारशी येत नाही. मामाच्या मांडीवर पिशवी असायचीच. सोयऱ्याच्या गावाला मोकळ्या हातानं कसं जायचं? पुकारा होऊन गेला की तो व्याह्यांना गाठायचा, आणि तेही दोन्ही हातांनी पिशवी घ्यायचे. एका तारखेला त्यांच्या वकिलानं कोर्टाला सांगितलं, की दोन्ही घरांत अजून गोडी आहे, मुलीचे वडील दर खेपेला बेदाणे आणतात, तेव्हा समेटासाठी वेळ मिळावा. वेळ मिळाला. परतताना बेळगाव आलं. रूपाली खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आबा, तुमच्या बेदाण्यांनी माझी तारीख वाढवली."

पुढच्या खेपेला मामाची मांडी रिकामी होती. हात कुठं ठेवावेत ते त्याला सुचेना. कधी गुडघ्यावर, कधी माझ्या खांद्यावर. कोर्टाच्या व्हरांड्यात व्याही आपणहून शेजारी येऊन बसले.

"का ओ, यंदा द्राक्ष बरं आलं न्हाई काय री?"

मामानं टोपी काढली, पुन्हा घातली. "माल झ्याक हाय. पोरगीच न्हाई म्हन्तीया."

व्याही उठले नाहीत. जे त्यांच्या वकिलाला वर्षभरात कळलं नव्हतं, ते त्यांना त्या रिकाम्या हातांवरून कळलं असावं. मग ते मुलाला घेऊन आवारातल्या झाडाखाली गेले आणि बराच वेळ बोलत राहिले. मुलगा खाली बघून ऐकत होता. महिनाभरात धारवाडचा अर्ज मागं घेतला गेला आणि दोघांच्या संमतीचा अर्ज सांगलीत दाखल झाला. बायको जिथं राहते तिथंही तो चालतो, हे बाईंनी तेव्हा सांगितलं. मात्र दोघांना हजर राहावं लागणार होतं. एकदा आता, एकदा सहा महिन्यांनी.

सहा महिन्यांनी न्यायाधीशांनी दोघांना विचारलं, मन बदललं का? दोघं नाही म्हणाली. एवढ्यावर संपलं. पायऱ्यांवर रूपाली त्याला "जपून जा" म्हणाली, तो मान हलवून गाडीकडे गेला. व्याही मागं राहिले. त्यांच्या हातात धारवाडी पेढ्यांचा पुडा होता.

"तुमच्या गावाला रिकामं कसं यायचं री," म्हणाले.

परतताना पुडा मामाच्या मांडीवर होता. कवलापूर मागं पडल्यावर त्यानं विचारलं, "भाच्या, आता त्यास्नी काय म्हनायचं रं?" हुकूमनामा मी दोनदा वाचला होता. त्यात नवराबायकोचं सगळं होतं, व्याह्यांचं काही नव्हतं. मी गिअर बदलला.

यंदा वाळवणीच्या शेडवरून बेदाणा उतरला, तेव्हा मामानं एक पिशवी बाजूला ठेवली. कुणासाठी, हे घरात कुणी विचारलं नाही. रूपाली शाळेतून आली, तिनं ती पाहिली, आणि आत जाऊन सुतळी आणून पिशवीचं तोंड नीट बांधून दिलं.