गार पाण्याचे कारण

डॉ. अंबुजाबाई राव यांनी पहिल्या भेटीत माझे नाव विचारले नाही. "रेडिएटर करणारे म्हणजे तुम्हीच कां?" एवढेच विचारले. त्या वेळी त्या एका घोड्याच्या मागे उभ्या होत्या. डाव्या हाताने त्यांनी घोड्याची शेपटी उचलून धरली होती आणि उजव्या हातात दोरा बांधलेला काचेचा थर्मामीटर होता. मी नुकताच साताऱ्याहून चेन्नईला आलो होतो. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे रेडिएटर बनत, तिथे मी इंजिनिअर होतो. नुंगंबाक्कमच्या खोलीत रविवार खायला उठे, म्हणून घोडेस्वारी शिकायला जाऊ लागलो होतो. मी "हो" म्हटल्यावर बाईंनी घोड्याआडूनच विचारले, "मग सांगा पाहूं, गरम पाणी आंत येतं, गार होऊन बाहेर जातं, तर मधली ऊब जाते कुठं? आणि वारा थांबला तर?" मी ऐटीत उत्तर दिले. त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले, आणि शेवटच्याला मी अडखळलो. पदवी घेऊन आठ वर्षे झाली होती, पण त्या सकाळी तबेल्यात माझी तोंडी परीक्षा झाली.

बाईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी संपादकांनी मला "शिष्य या नात्याने लिहा" असे सांगितले. शिष्य म्हणवून घेण्याची माझी लायकी किती, हे लेख वाचून झाल्यावर आपणच ठरवावे.

बाई तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. पूर्वज दक्षिणेत आले ते तिथलेच झाले. घरात मात्र मराठी टिकली. बाईंची मराठी ऐकताना मला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातले एखादे पत्र कुणी वाचून दाखवत आहे असे वाटे. मधेच तमिळ "सरि" आणि "अय्यो" येत, आणि वाक्याचा हेल तर पूर्ण तमिळ. मी एकदा आगाऊपणे म्हटले, "बाई, तुमची मराठी जरा वेगळी आहे." बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमची फार नवी आहे. हरकत नाही, जुनी होईल." पुढे मी त्यांच्यापुढे साताऱ्याचा तोरा मिरवला नाही.

ज्यांनी इव्हेंटिंग ही घोडेस्वारीची स्पर्धा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एकाच घोड्याने आणि एकाच स्वाराने तीन दिवसांत तीन कसोट्या द्यायच्या. पहिल्या दिवशी मैदानात शिस्तीची चाल, दुसऱ्या दिवशी मोकळ्या रानातून ओंडके, चर आणि पाण्याचे खळगे ओलांडत वेगाची दौड, तिसऱ्या दिवशी रंगीत दांड्यांवरून उड्या. घोडा पुढे जाऊ शकतो की नाही, हे मधल्या तपासणीत पशुवैद्य ठरवतो. आमच्याकडे ते काम बाईंचे. चांगला घोडा दमलो असे सांगत नाही, आणि पाठीवरच्या स्वाराला ते ऐकायचेही नसते. म्हणून कुणीतरी तिसऱ्याने विचारावे लागते, आणि विचारण्यात बाईंचा हात धरणारा कुणी नाही.

त्या आधी घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला विचारतात, स्वाराला मागाहून. एका नामवंत स्वाराचा घोडा तपासणीत झकास दुडकत गेला. सगळे खूश होते. बाईंनी मोतद्दाराला विचारले, "पाणी किती प्याला?" तो धन्याकडे पाहू लागला. बाईंनी धन्याला कॉफी पिऊन या म्हणून पिटाळले. मग कळले की घोड्याने अर्धी बादली तशीच ठेवली होती आणि मागचा उजवा पाय तो पुन्हा पुन्हा उचलत होता. खूर हाताला गरम लागला आणि घोड्याला थांबवण्यात आले. कॉफी पिऊन परतलेले गृहस्थ भडकले, "माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं?" बाईंनी विचारले, "काल संध्याकाळपासून घोड्याजवळ कोण होतं?" आठवडाभराने खुरातून पू निघाला, तेव्हा हेच गृहस्थ बाईंना भेटून गेले.

आता गार पाण्याविषयी. तापलेल्या घोड्याला पांघरूण घालावे, हळूहळू फिरवावे, ओल्या फडक्याने पुसावे, पण गार पाणी कधीही ओतू नये, नाहीतर स्नायू आखडून घोडा जातो, असे आमच्याकडे सगळे मानत. जुने घोडदळवाले, मोतद्दार, पुस्तके, सगळ्यांचे एकमत होते. बाईही तेच शिकल्या होत्या. नोकरीच्या सुरुवातीला उन्हाने तापलेला एक घोडा त्यांच्या हाती आला. "शिकल्याप्रमाणें सगळं केलं," त्यांनी एकदा मला सांगितले. "पांघरूण घातलं, फिरविलं. माझ्या डोळ्यांदेखत मेला. तेव्हांपासून विचारते आहें, मी चुकलें की शिकविणारे?"

पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी वाचले की परदेशात आता तापलेल्या घोड्यांवर बर्फाचे पाणी ओततात. दुसऱ्या कुणी लगेच विश्वास ठेवला असता किंवा लगेच हसण्यावारी नेले असते. बाईंनी दोन्ही केले नाही. पन्नाशी उलटलेल्या बाई मे महिन्याच्या भर दुपारी साडी खोचून, कॅनव्हासचे बूट घालून मैदानाला फेऱ्या मारू लागल्या. अंग पुरेसे तापले तेव्हा त्यांनी मुनुसामींना बर्फाचे पाणी डोक्यावर ओतायला सांगितले. मुनुसामी हे आमच्या तबेल्याचे मुख्य मोतद्दार, तीस वर्षे घोड्यांत काढलेले. ते हात जोडून "वेण्डाम् अम्मा, वेण्डाम्", नको, नको, म्हणत मागे सरकले. शेवटी बाईंनी स्वतःच बादली उचलून डोक्यावर उपडी केली आणि तोंडात थर्मामीटर धरून चिंचेखाली बसून राहिल्या. त्यानंतर तबेल्यातल्या एका शांत, म्हाताऱ्या घोड्यावर महिनाभर तेच केले, आधी एक बादली, मग दोन, आणि दर वेळी पारा पाहिला. पारा दर वेळी उतरला आणि घोड्याचे स्नायू एकदाही आखडले नाहीत. बर्फ येई तो मासळीवाल्यांचा, भाताच्या तुसात गुंडाळलेला, आणि मासळीचा वास घेऊन. बाईंच्या सासूबाई त्या दिवसांत सुनेला मागच्या अंगणात आंघोळ केल्याखेरीज घरात घेत नसत. सुनेने त्यावरही तक्रार केली नाही, कारण आंघोळ गार पाण्याचीच होती.

इथवरचे लिहिणे सोपे होते. पुढचे मला जड जाते आहे, पण लिहिणार आहे.

आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल की मधली दोन वर्षे बाई तपासणीला नव्हत्या. ओरगडमच्या पलीकडच्या रानात झालेल्या स्पर्धेत शेवंती नावाची घोडी उन्हाने कोसळली आणि गार पाणी वेळेवर मिळाले नाही, एवढे सगळ्यांना ठाऊक आहे. शेवंती ही शर्यतीतून निवृत्त झालेली बदामी घोडी. तिच्यावर मीच बसत असे. त्या दिवशीही पाठीवर मीच होतो.

उद्घाटनाच्या भाषणांत सकाळ गेली आणि आमची दौड अकराच्या उन्हात सुरू झाली. समुद्रावरचा दमटपणा तिथवर पोचलेला होता आणि पान हलत नव्हते. शेवटच्या चढावर शेवंतीची चाल बदलली, हे मला जाणवले होते. तरी मी टाच मारली. शेवटची रेषा ओलांडल्यावर ती चारही पाय फाकून उभी राहिली, नाकपुड्या लाल, डोळे कुठेतरी लांब. मुनुसामींनी तिला झापांच्या मांडवात आणले. तिथे बर्फाच्या पाण्याचा निळा ड्रम भरून ठेवलेला होता. बाईंनी पारा पाहिला. एकशे सात, नेहमीपेक्षा सहा अंश जास्त.

"ओता," बाई म्हणाल्या. मुनुसामींनी बादली बुडवली आणि मी आडवा आलो.

"बाई, तापलेल्या इंजिनवर गार पाणी टाकलं तर ब्लॉकला तडा जातो! आधी कोमट करा, सावकाश!"

"हें इंजिन नव्हे हो. बाजूला व्हा."

मी बाजूला झालो नाही. मुनुसामींनी पहिली बादली ओतली, शेवंती थरथरली, आणि मला वाटले, गेली. मी ड्रमला लाथ घातली. धक्का लागून तो पडला, असे मी आजवर स्वतःलाही सांगत आलो. ते खोटे आहे. मी तो जाणून उलथवला. सगळे पाणी वाळूत गेले.

शेवंती गुडघ्यांवर बसली आणि मग आडवी झाली. बोअरवेल रानाच्या दुसऱ्या टोकाला होती. मुनुसामी दोन बादल्या घेऊन धावत सुटले. ते पाणी घेऊन येईपर्यंत आठ-नऊ मिनिटे गेली. बाई ओरडल्या नाहीत. "बर्फ वेंचा," एवढेच म्हणाल्या. मी रडत रडत वाळूत लडबडलेले, मासळीचा वास मारणारे बर्फाचे खडे गोळा केले आणि त्यांनी ते पदरात घेऊन घोडीच्या मानेला लावले. पाणी आल्यावर त्यांनी थर्मामीटर माझ्या हातात दिला. "तुम्ही वाचा. मोठ्यानं."

मी वाचू लागलो. मुनुसामी पाणी ओतत, बाई घाम निपटण्याच्या पट्टीने ते लगेच निपटून काढत, की पुन्हा पाणी. निपटता कशाला, असे विचारण्याची माझी हिंमत नव्हती, पण घोडीच्या पोटाखालून ओघळणारे पाणी हाताला लागले तेव्हा कळले. ते गरम होते. अंगावर थांबलेले पाणी लगेच तापते आणि पांघरुणासारखे बसून राहते. ते हलवले तरच उष्णता बाहेर जाते. हे मला कुणी सांगण्याची गरज नव्हती, कारण याच गोष्टीचा मला पगार मिळत होता. एकशे सात, साडेसहा, सहा, पाच. एकशे दोनवर शेवंतीने मान उचलली. पाऊण तासाने ती उभी राहिली आणि बादलीत तोंड घालून पाणी प्याली.

ती वाचली. तीन आठवडे औषधे चालली. पण त्या मिनिटांत तिच्या स्नायूंना जे व्हायचे ते झाले होते, आणि शेवंती पुन्हा कधी रानात दौडली नाही. आज ती लहान मुलांना पाठीवर घेऊन सावकाश फेऱ्या मारते.

स्पर्धेचा अहवाल बाईंनी लिहिला. त्यात होते: "पाणी सांडले. दुसरे पाणी जवळ ठेवले नव्हते. गार पाण्याचे कारण स्वारांना आधी सांगितले नव्हते. दोन्ही चुका पशुवैद्याच्या." पुढे समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी विचारले, "पाणी कुणी सांडलं?" बाई म्हणाल्या, "सांडलं तें सांडलं. दुसरं कां नव्हतं, हा प्रश्न मोठा आहे." अध्यक्षांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. मी छताच्या पंख्याकडे पाहत होतो. पुढची दोन वर्षे बाईंना बोलावणे आले नाही. "बाईंचं बर्फाचं वेड नडलं," असे आपल्याच वर्तुळात बोलले गेले. एकदा ते ऐकताना मीही मान डोलावली. या लेखातले लिहायला सर्वांत कठीण वाक्य हेच आहे.

ती दोन वर्षे बाई प्रत्येक स्पर्धेला आल्या आणि प्रेक्षकांत बसल्या. दुपारी तबेल्यात मोतद्दारांना पारा वाचायला शिकवत. त्यांच्या जागी आलेले तरुण डॉक्टर प्रामाणिक होते. दुसऱ्या वर्षअखेरीस ते स्वतःच बाईंकडे गेले आणि गार पाण्याचे सगळे समजून घेऊन समितीला म्हणाले, यांना परत बोलवा. तेव्हापासून प्रत्येक स्पर्धेत दोन ड्रम असतात, आणि आदल्या दिवशी प्रत्येक स्वाराला एका धडधाकट घोड्यावर स्वतः पाणी ओतून पारा पाहावा लागतो.

हे सगळे छापणार आहे, असे सांगायला मी मागच्या महिन्यात बाईंच्या मैलापूरच्या घरी गेलो. बाई भाजी निवडत होत्या. मी विचारले, "बाई, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमचं नांव घेतलं असतं तर लोकांनी तुम्हांला हाकललं असतं," बाई म्हणाल्या, "आणि पुढच्या वर्षीं पुन्हां एकच ड्रम ठेवला असता."

मी म्हटले, "मी मूर्ख होतो, असं स्वच्छ लिहिणार आहे."

"अय्यो, तसं लिहून सोडूं नका. त्यानं कुणाला काय कळतं? त्या घटकेला तुम्हांला तें खरं कां वाटलं, तें लिहा. तुम्ही घोडीला वांचवायलाच उभे होतां की. उद्यां आणिक कोणी शहाणा तसाच आडवा उभा राहील. त्याच्या घोडीला उपयोग होईल."

म्हणून कारण लिहिले आहे. मी लोखंड ओळखत होतो आणि घोडी ओळखत नव्हतो, जे येत होते तेच जोरात वापरले, आणि समोर पंचवीस-तीस वर्षे विचारत आलेली एक विदुषी उभी असताना तिला एकदाही "का?" असे विचारले नाही.

डॉ. अंबुजाबाईंना साठाव्या वर्षी माझा साष्टांग नमस्कार. त्यांचे गुडघे तबेल्याच्या चिखलात असेच वाकत राहोत, हात थरथरू नयेत, डोळ्यांना पारा दिसत राहो, आणि त्यांची शंभरी आपण सर्वांनी त्यांच्याच प्रश्नांपुढे अडखळत साजरी करावी. बाई, आपण निरोगी राहा, खूप जगा. आपल्या अहवालात जे नाव नव्हते, ते मी खाली लिहीत आहे.

— दत्तात्रय शिंगटे