उलांडी नसलेली होडी

जाफर होडीवर बोलायला लागला की दोह्याच्या बिन महमूद भागातली ओळखीची माणसं चहाचा कप पुन्हा भरून घेत. गोष्ट लांबणार हे ठरलेलंच असे. जयगडच्या खाडीची ओहोटी, बावाची होडी, आणि बावाच्या पुढ्यात बसून वल्हं मारणारा लहानगा जाफर. माणूस तसा कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा. एका इलेक्ट्रिकल कंपनीत स्टोअर-कीपर, उमेदीची सगळी वर्षं दोह्यात गेलेली, ईदला जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांत शीरखुर्मा पोचवणारा. पण कुणाला तंबाखू लागते, तशी त्याला होडी लागली होती. आणि खरी गोष्ट अशी की त्या होडीत जाफर आयुष्यात एकदाही बसला नव्हता.

हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं. साजिदा मंडणगडच्या डोंगरातली, खाडीशी तिचा संबंध ताटातल्या मासळीपुरता. माहीत होतं ते फक्त जाफरला आणि गावी त्याच्या वडिलांना, म्हणजे बावांना. शाळेत असताना जाफरला होडीच्या वासाची लाज वाटे. हायस्कूल पलीकडच्या काठाला. बावा सकाळी धक्क्यावरून विचारत, "येतोस काय रे?" आणि हा पायातले बूट सांभाळत म्हणे, "मी एस्टीनं जातो." मग पुलावरून लांबचा वळसा. बावांनी कधी आग्रह केला नाही. पुढे कतारला आल्यावर, गाव लांब गेल्यावर, त्याच होडीचा जाफरला अभिमान वाटायला लागला. लांबून सगळंच बरं दिसतं.

ही फुशारकी अंगाशी आली ती त्याच्या मुलीमुळे, निदामुळे. ती कॉलेजला पुण्याला निघाली होती. निदाला मराठी सगळं कळे, पण उत्तर इंग्रजीत येई. त्या दिवशी मात्र तिनं वाक्याची सुरुवातच मराठीत केली. "अब्बा, मला एकदा तुमच्याबरोबर बोटीत बसायचंय. बिफोर आय गो. जस्ट वन्स."

मराठी निघाली म्हणजे मनापासून मागतेय, हे जाफरला कळलं. खरं सांगून टाकायला ही वेळ चांगली होती. त्यानं "इन्शाल्ला" म्हटलं आणि मिशीवरून हात फिरवला.

ओळखीत बालाजी होता, लातूरकडचा. वेस्ट बेच्या एका हॉटेलात किनाऱ्यावरच्या बोटींची देखभाल करायचा. हॉटेलनं नव्या बोटी आणल्या, तेव्हा जुन्या दोन कनू त्यानं एका शेडमध्ये ठेवून घेतल्या होत्या. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, हातात वल्हं घेऊन चालवायची हलकी होडी. "हवी ती न्या भाई, लेक जाईपर्यंत वापरा," तो म्हणाला. "पण आधी सांगा, बसणार किती जणं? अन् त्यात सवयीचे किती?"

"तिघं. दोघी शिकाऊ, एक तरबेज," जाफर म्हणाला. तरबेज कोण हे सांगायची गरज त्याला वाटली नाही.

"मग ही रुंदवाली न्या," बालाजीनं आखूड, फुगीर कनूवर थाप मारली. "ती दुसरी लांब हाय, अरुंद हाय. लांब असली की सरळ अन् जोरात पळती, पण अरुंद असली की जरा हललं तरी कलती. काठ बी ठेंगणे हायत तिचे. तिघांचं वजन, वर डबे, पाण्याचा कूलर, सगळं धरा. तेवढ्या वजनानं ती खाली बसली की काठ अन् पाणी यात वीतभर तरी अंतर राहायला पाहिजे. तिच्यात न्हाई राहायचं. ही हळू जाईल, पण निवांत जाईल."

जाफरनं त्या रुंद कनूकडे पाहिलं. परातीसारखी पसरट दिसत होती. मग त्यानं लांबवालीच्या मधोमध वीत टाकून मोजलं. तीन विती आणि वर थोडं. बावाची होडीही एवढीच होती. दोन्ही फळ्यांना गुडघे टेकवून बसलेले बावा धक्क्यावरून त्यानं हजारदा पाहिले होते.

"बालाजी, आमच्या घरची होडी याहून अरुंद होती," तो म्हणाला. "त्यात सहा-सहा माणसं पलीकडे जायची, पावसाळ्याच्या तोंडाला. खलास. हीच नेतो."

बालाजी लांबवालीचे दोर सोडायला लागला. घरात होडी असलेल्या माणसाला लातूरच्या माणसानं किती सांगायचं, असं त्याला वाटलं असावं.

शनिवारी सकाळी गाडीच्या टपावर कनू बांधून, मागच्या टोकाला साजिदाची लाल ओढणी लावून तिघं अल थखिराला पोचली. तिथे समुद्र उथळ होऊन खारफुटीत शिरतो. हिरव्या झाडांतून पाण्याच्या गल्ल्या जातात, बाकी सगळीकडे वाळू. काठावर एक जोडपं घडीच्या खुर्च्या टाकून बसलं होतं. पलीकडे काही फिलिपिनो मुली फोटो काढत होत्या. जाफरनं सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावलं, एवढं एक शहाणपण त्यानं केलं. पुढे निदा, मध्ये साजिदा, मांडीशी बिर्याणीचा टोप आणि कूलर, मागे स्वतः. बसताच कनू इतकी खाली गेली की साजिदानं काठावरून बोटं टेकवली ती थेट पाण्यात.

"अहो, ही हलतेय," ती म्हणाली.

"होडी हलणारच. जमिनीवर आहेस का?"

चार वल्ही नीट पडली. निदा मागे वळून हसली, तिच्या चेहऱ्यावर लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला असायचा तसा आनंद होता. जाफरला वाटलं, जमलं की. त्यानं ऐटीत, बावांना पाहिलं होतं तसं, एका बाजूला झुकून लांब वल्हं मारलं. कनू त्याच बाजूला कलली, काठावरून पाणी आत आलं, तो घाबरून दुसऱ्या बाजूला गेला, आणि पुढच्या क्षणी तिघंही पाण्यात होती.

पाणी कमरेएवढंच होतं, म्हणून जीवावर बेतलं नाही. पण निदाची हनुवटी कनूच्या काठावर आपटून फुटली. टोप तरंगत खारफुटीकडे निघाला. साजिदा चष्मा शोधत चिखलात चाचपडत होती, आणि जाफर, घरातला एकमेव तरबेज माणूस, उलट्या कनूला धरून उभा होता. फिलिपिनो मुली हसल्या, मग रक्त पाहून थांबल्या.

आता माणसानं गप्प राहावं की नाही? पण चोराच्या उलट्या बोंबा. जाफर साजिदावर ओरडला, "तू हललीस म्हणून झालं हे. सांगितलं होतं ना गप्प बस म्हणून? साधं बसता येत नाही तुला." आखातात आपली माणसं रस्त्यावरसुद्धा मराठीत खुशाल भांडतात, आजूबाजूला कुणाला कळतंय, असं धरून चालतात. जाफरनंही तेच धरलं होतं. साजिदा चष्मा शोधतच राहिली. ती कधीच चारचौघांत बोलत नसे, हे त्याला माहीत होतं, म्हणूनच तो एवढं बोलू शकला.

काठावर आली तेव्हा खुर्चीवरची बाई उठून पुढे आली. तिच्या हातात टॉवेल होता. "ताई, हे घ्या," ती स्वच्छ मराठीत साजिदाला म्हणाली. "आणि मुलीच्या हनुवटीला बर्फ लावा, आमच्याकडे आहे." जाफरकडे तिनं पाहिलंही नाही. तिच्या नवऱ्यानं पाहिलं आणि नजर वळवली. जाफरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो कनूपाशी एकटाच वाळूत बसला. ती लांब, गुळगुळीत पोट वर करून पालथी पडली होती. बावाची होडीही एवढीच अरुंद होती, त्याला खात्री होती. मग ती का उलटत नव्हती? आणि मग त्याला आठवलं. उलांडी. होडीच्या एका अंगाला, दोन आडव्या वाशांच्या टोकांना बांधलेला तो पाण्यावर तरंगणारा लाकडाचा ओंडका. होडी कलू लागली की तोच तिला सावरतो. कोकणातल्या लेकरालाही हे माहीत असतं. पण बावा होडी धक्क्याला लावत ती उलांडी पाण्याच्या बाजूला ठेवून. धक्क्यावर बूट घालून उभं राहिलेल्याला दिसायची ती फक्त होडी आणि बावांचे गुडघे. आत बसलेला माणूस उलांडी विसरला नसता. जाफर विसरला, कारण त्यानं सगळं काठावरूनच पाहिलं होतं. त्याला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात निदा बर्फाचा रुमाल हनुवटीला धरून आली. दुसऱ्या हातात फोन होता. शनिवारी ती आजोबांशी, म्हणजे तिच्या दादांशी, बोलत असे. फोनच्या चौकटीत बावांचं सुरकुतलेलं तोंड होतं.

"दादा, अब्बांनी बोट उलटी केली," ती हसत सांगत होती. "वी ऑल फेल इन."

"लागला नाय ना फारसा?" बावांनी विचारलं. मग म्हणाले, "अगो, लय वर्षां झाली त्याला. हात इसरतो माणसाचा. नायतर न्हानपणी माझ्या पुढ्यात बसून काय वल्हवायचा, तुला काय सांगू."

"आय नो, दादा. तुम्ही नेहमी सांगता."

जाफरनं मान वर केली. नेहमी सांगता? म्हणजे पोरीनं कधीतरी आजोबांना विचारलं होतं, आणि बावांनी, ज्यांच्या होडीत बसायची त्याला लाज वाटली त्या बावांनी, त्याची फुशारकी खरी म्हणून सांगितली होती. वर्षानुवर्षं. त्याला एका शब्दानं कळू न देता. आताही ते त्याला सावरूनच घेत होते.

गप्प राहिला असता तर खपून गेलं असतं. पण साजिदा मागे येऊन उभी राहिली होती. टॉवेलात गुंडाळलेली, चष्म्याविना डोळे बारीक करून पाहणारी. त्यानं निदाच्या हातातून फोन घेतला.

"बावा, नका हो," तो म्हणाला. "निदा, मी दादांच्या होडीत कधी बसलोच नाही. एकदाही नाही. मला लाज वाटायची. आणि साजिदा, तू हलली नव्हतीस. मी कलंडलो. होडी पण मीच चुकीची आणली, बालाजीनं सांगूनसुद्धा."

खुर्चीवरच्या बाईनं सगळं ऐकलं असणार. ऐकू दे, असं त्याला वाटलं. साजिदानं ओल्या ओढणीनं त्याच्या कानातला चिखल पुसला, जरा जोरानंच. निदा त्याच्याकडे पाहत राहिली. ती रागावली आहे की रडणार आहे, हे त्याला कळेना.

फोनमधून बावांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "आज बसलास ना?" ते म्हणाले. "मग झाला तर. त्या पोरीला आधी डॉक्टरकडं ने."

हनुवटीला दोन टाके पडले. संध्याकाळी जाफरनं बालाजीला फोन केला. निदा शेजारीच सोफ्यावर बसली होती, अजून त्याच्याशी फारसं बोलत नव्हती, पण उठूनही गेली नव्हती.

"बालाजी, ती रुंदवाली आहे का अजून? पुढच्या शनिवारी हवी होती."

"हाय की भाई. बसणार किती जणं?"

"तिघं."

"अन् सवयीचे?"

जाफरनं निदाकडे पाहिलं. "कुणी नाही," तो म्हणाला. "तिघंही शिकाऊ."