अर्लचा हक्क आणि गृहखात्याला प्रत

त्या अर्लचा हक्क बुडवला गेला, हे माझे मत आजही कायम आहे. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात आमच्या मराठी मंडळाची सहल लीड्सहून वेल्सच्या सीमेवरील एका पडक्या किल्ल्याला गेली. पंधराव्या शतकात त्या किल्ल्याचा मालक असलेल्या अर्लविषयी, म्हणजे एका बड्या उमरावाविषयी, तेथील पाटीवर ‘गादीचा निराधार दावेदार’ असे लिहिले होते. निराधार! निपुत्रिक राजाला पदच्युत करून त्याच्या धाकट्या काकाच्या मुलाने तख्त बळकावले. आणि हा अर्ल तर थोरल्या काकाच्या मुलीचा नातू. थोरली शाखा मुलीकडून चालली म्हणून बाद होते, असा कायदा मला कोणी दाखवावा.

पुण्याची एलएल.बी. पदरी असूनही मी सोळा वर्षे इस्पितळाच्या रेकॉर्ड्स ऑफिसात फायली लावत होतो. माझा राग कागदावरच निघे. किल्ल्याची देखभाल पाहणाऱ्या कार्यालयाला मी नऊ पानी पत्र टाइप केले. अर्लला लहानपणापासून नजरकैदेत वाढवले. पुढे त्याने राजाशी एकनिष्ठतेची शपथ घेतली, तेव्हा कुठे वारशाची जहागीर परत मिळाली. ‘भयापोटी घेतलेली शपथ बंधनकारक नसते,’ असे मी सातव्या पानावर ठणकावले. त्यानंतरच्या सर्व राजांचा हक्कही तपासावा लागेल, असेही लिहिले. तळाशी सवयीने जोडले: प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी, गृहखाते.

कार्यालयाने उत्तर दिले नाही. गृहखात्याने दिले. दोन ओळी: पत्र मिळाले, फायलीला लावले आहे.

कोणत्या फायलीला?

माझा नागरिकत्वाचा अर्ज त्याच खात्याकडे पडून होता. त्र्याहत्तरपूर्वी येथे आलेल्या आम्हा राष्ट्रकुलातल्या लोकांना नागरिक म्हणून नोंदणीचा हक्क होता आणि त्याची मुदत वर्षअखेरीस संपणार होती. ती मेहेरबानी नव्हती; हक्क होता. कलम मला तोंडपाठ होते. पण हक्क तर अर्लचाही होता. शिवाय फायलीत गेलेला कागद बाहेर येत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

शेवटी पत्नीला सांगितले. तिने चष्मा काढला.

“अहो, राणीच्या खात्याला कळवलंत, की राणीचा हक्क तपासा म्हणून?”

“तत्त्वाचा प्रश्न होता.”

“मग परत पाठवलं तर विमानतळावर न्यायला तुमचे अर्लसाहेब येतील ना?”

मी हसलो नाही. तीही हसली नव्हती.

तेव्हापासून सकाळी दाराच्या फटीतून टपाल पडले, की मी आधी गृहखात्याचा लिफाफा शोधू लागे. खुलाशाचे पत्र पाच वेळा लिहिले आणि पाचही वेळा फाडले. कारण तेही त्याच फायलीत गेले असते. ऑफिसात कोणाची फाइल हातात आली, की तिच्यात काय काय लावलेले आहे, ते मी आता उघडून पाहू लागलो. तशी मुभा नव्हती.

डिसेंबरात लिफाफा आला. आत शपथेचा फॉर्म होता. सॉलिसिटरसमोर सही करायची होती.

सॉलिसिटर तरुण होता, सर्दीने बेजार. राणीशी आणि कायद्यानुसार येणाऱ्या तिच्या वारसांशी व उत्तराधिकाऱ्यांशी मी एकनिष्ठ राहीन, असा मजकूर होता. ‘कायद्यानुसार’ या शब्दावर माझा डोळा अडकला. एरवी मी तेथेच दोन तास वाद घातला असता.

“एनी क्वेरीज?” त्याने विचारले.

मी नकारार्थी मान हलवली, शपथ मोठ्याने वाचली आणि सही केली. सही माझी वाटत नव्हती.

प्रमाणपत्र महिनाभरात आले. पत्नीने ते पासबुकांसोबत कपाटात ठेवले. माझ्या नऊ पानांची कार्बनप्रत खालच्या खणात आहे. सातवे पान मी उघडत नाही.

काही वर्षांनी त्याच किल्ल्यावर पुन्हा जाणे झाले. पाटी तीच होती, अक्षरन् अक्षर. पेन खिशात होते. पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, थंडी फार आहे, आणि सहलीच्या बसमध्ये जाऊन बसलो.