दाखल्यावरचे वय

नानांच्या तोंडात त्यांची स्वतःची दोन बोटे जात नसत. तंबाखू-सुपारीने जबडा आखडला होता. भाकरीचा तुकडा ते चिमटीने ओठांतून आत सरकवत. तरी सातपूरच्या आमच्या कॉलनीत सगळ्यात जास्त तेच बोलत. कोपऱ्यावर त्यांची पानटपरी होती. त्यांच्याविषयी मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

वडिलांची तंबाखूची पुडी आणायला मी पहिलीत असल्यापासून त्यांच्याकडे जायचो. आमच्याकडे ते पोरांचेच काम. मी अकरावीत असताना कायदा आला: अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायची नाही. इतर टपरीवाल्यांनी पाटी लावली आणि ते विसरून गेले. नानांची पाटी मी लिहून दिली होती, माझे अक्षर बरे म्हणून. तिचा रंग वाळायच्या आत त्यांनी पहिला नकार मलाच दिला.

"बापाला पाठव."

"नाना, पुडी त्यांचीच आहे."

"माझ्या बापाची पण त्याचीच व्हती. आणता आणता चिमूटभर मी खाल्ली. नऊ वर्षांचा व्हतो." त्यांनी दोन बोटे दातांना टेकवली. ती तिथेच अडली. "हे बघ."

कंपनीतून आल्यावर वडील तावातावाने गेले. "नाना, धंदा करताय का शाळा काढली?"

"धंदाच करतो. तुम्ही या, तुम्हाला देतो ना."

वडील पुन्हा कधी गेले नाहीत. शिफ्ट करून आलेला माणूस पुडीसाठी परत चप्पल घालत नाही. चौकातली दुसरी टपरी कुणाच्याही हातात देत होती. कॉलनीतली सगळी पोरे तिकडे जाऊ लागली. मीही.

नानांची वय विचारण्याची रीत वेगळी होती. आमच्यातल्या निम्म्या पोरांचा जन्म एक जूनचा, शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेला. म्हणून ते विचारत, "आई काय सांगते? पोळ्याच्या आधी का नंतर?" बारावीनंतरच्या जूनमध्ये मी दाखल्याप्रमाणे अठरा वर्षांचा झालो. कॉलेजच्या प्रवेशासाठी दाखला काढलाच होता. वडील म्हणाले, "जा, दाखव त्याला."

नानांनी हात पुसून दाखला घेतला. "कॉलेजात चालला? लय भारी!" मग जपून घडी घालून परत दिला. "पण तू दिवाळीचा हायेस. तुझी आई बाळंतपणाला इथूनच रिक्षात बसली व्हती. कागद अठराचा झाला, तू नाय."

मी हसलो आणि चौकात गेलो. तिथून परतताना रोज त्यांच्या टपरीपुढून जावे लागे. त्यांची नजर माझ्या खिशावर जाई. विचारत मात्र एवढेच, "अभ्यास काय म्हणतो?"

गणपतीच्या सुमारास त्यांच्या गालातली जखम भरेना. टपरीवर तोवर गिऱ्हाईकही उरले नव्हते. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायला त्यांच्या बायकोबरोबर, काकूंबरोबर मी गेलो. वय विचारल्यावर काकूंनी माझ्याकडे पाहिले. सगळ्यांना खरे वय विचारणाऱ्या माणसाचे वय घरात कुणालाच ठाऊक नव्हते. मी अंदाजे पंचेचाळीस सांगितले.

दिवाळी झाल्यावर दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा त्यांचे बोलणे बंद झाले होते. त्यांनी खुणेने जवळ बोलावले आणि तीच दोन बोटे माझ्या शर्टाच्या खिशावर ठेवली. खिशात पुडी होती. वडिलांनी येताना आणायला सांगितली होती, आणि मी ती जातानाच घेऊन टाकली होती. मी ती काढून दाखवली. काहीतरी बोलावे म्हणून म्हणालो, "नाना, आता खरोखर अठरा झाली."

त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

वॉर्डाच्या दाराशी कचऱ्याचा डबा होता. त्याच्यापाशी मी जरा वेळ थांबलोही. मग घरी गेलो आणि पुडी वडिलांच्या हातात दिली.