मालकाच्या रकान्यात

स्पिरिटचा वास आला की मला पनवेलच्या गुरांच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. नवरा आफ्रिकेत मोंबासाला गोदीत कामाला होता आणि मी बोटीनं त्याच्याकडे निघाले होते. मिठागरावर माझ्या मागेमागे फिरणारा, कोल्ह्याशी झुंजताना अर्धा कान गमावलेला माझा माहेरचा कुत्रा मला सोबत हवा होता. पण तो निरोगी आहे, पिसाळू नये म्हणून त्याला सुई टोचली आहे, असा दाखला असल्याशिवाय बोटीवर घेणार नव्हते. "तिकडं कुत्रं नाय का मिलत?" सासरे वाटभर कुरकुरत होते. दवाखान्यात शेणाचा आणि फिनेलचा उग्र दर्प होता. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवून सुई टोचली तेव्हा कुत्र्यानं माझ्या लुगड्यात तोंड खुपसलं. मग दाखला लिहिता लिहिता डॉक्टर मालकाच्या रकान्याशी थांबले आणि सासऱ्यांना म्हणाले, "मुलाचं नाव सांगा." सासऱ्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "त्यांनी कुत्रा अजून बगलाबी नाय. कुत्रा माजा हाय, नाव माजं लिवा." सासरे कडाडले, "बायकांच्या नावावर काय नाय लिवत!" "मंग मी पन नाय जात," म्हणत मी तिथंच फरशीवर बैठक मारली. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टाक दौतीत बुडवला. कुत्रा जाऊन किती वर्षं झाली, दाखला मात्र मी अजून जपलाय. माझ्या पासपोर्टावरही नवऱ्याचं नाव आहे. या कागदावर नाही.